कडक मुरूम

दार लागत नव्हतं. वॉर्डन बाईंनी आधी हाताने ओढलं, मग खांदा लावला, मग माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या.

"पावसाळ्यात लाकूड फुगते ना जी," त्या म्हणाल्या.

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मार्च चालू होता. पावसात फुगलेलं लाकूड मार्चपर्यंत आकसून जागेवर येतं. आमच्याकडच्या मार्चमध्ये तर माणूससुद्धा आकसतो. मी वाकून दाराची खालची कड पाहिली. गुडघे नको म्हणत होते, तरी पाहिली. सुताराने दोनदा रंधा मारलेला दिसत होता, आणि तोही तिरपा. बिजागरीकडे काहीच कापलेलं नव्हतं, कडीकडे बोटभर गेलं होतं. म्हणजे लाकूड फुगलं नव्हतं. चौकट वाकडी झाली होती, आणि सुतार बिचारा दार कापून चौकटीला शोभेसं करत होता.

मी तेव्हा एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या भंडारा ऑफिसात अंडररायटर होते. अंडररायटर म्हणजे विमा द्यायचा की नाही आणि द्यायचा तर किती प्रीमियमला, हे ठरवणारा माणूस. नोकरीआधी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे इमारती बघायलाही मलाच पाठवायचे. एका पगारात दोन कामं. रिटायर व्हायला सोळा महिने उरले होते आणि मी ते खरोखरच मोजत होते.

ही इमारत म्हणजे मुलींचं होस्टेल. पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या अलीकडे. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. खाली नुसते खांब. त्या खांबांमध्ये जेवणाची टेबलं आणि सायकली. वर एक मजला, त्यात बेचाळीस मुली. एसटी वेळेवर येत नाही म्हणून दहावीनंतर शाळा सुटली असती अशा, आतल्या गावांतल्या. त्यावर आता आणखी एक मजला चढवायचा होता, कारण आणखी वीस मुलींचे अर्ज आले होते. मजल्यासाठी बँकेचं कर्ज हवं, कर्जासाठी विमा हवा, आणि विम्यात भूकंपाचं कव्हर हवं अशी बँकेची अट होती. म्हणून मी आले होते.

संस्थेचे सचिव सेलोकर सर माझ्याबरोबर फिरत होते. रिटायर्ड हेडमास्तर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. हे होस्टेल त्यांनी दारोदार हिंडून उभं केलं होतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

"मॅडम, आपल्या इकडे कायचा भूकंप?" ते म्हणाले. "टिप्पर गेला त खिडकी वाजते. तेवढाच आपला भूकंप."

"फॉर्ममध्ये टिप्परचा कॉलम नाही, सर."

ते हसले. मीही हसले. अशा व्हिजिटमध्ये असं हसायचं असतं.

फॉर्म तसा साधा असतो. भूकंपाच्या नकाशातला झोन कोणता, बांधकाम कसलं, मजले किती, वय किती, जमीन कोणती, आणि एक छोटा प्रश्न, जमीन भरावाची आहे का, हो किंवा नाही. भंडारा सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये येतो. त्यामुळे पहिली ओळ भरली की बाकीच्या ओळी लोक डोळे मिटून भरतात. मीही त्यांतलीच, हे पुढे येईलच.

वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात उभी राहून मी बाटलीतलं पाणी प्यायले आणि सहज आल्या वाटेकडे पाहिलं. मोठ्या रस्त्यावरून होस्टेलकडे येणारी वाट सरळ यायला हरकत नव्हती. मध्ये घर नाही, झाड नाही, नाला नाही. तरी ती मोठी अर्धगोल फिरून येत होती. शेतापेक्षा कमरेइतकी उंच होती आणि तिच्या कडेला सिंदीची झाडं होती.

मी आसगावची. घरी धानाची शेती, गावाला तलाव. असली वाट मी जन्मापासून बघितली आहे. आम्ही तिला पार म्हणतो. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. उगाच कुणी अर्धगोल रस्ता बांधत नाही. त्या अर्धगोलाच्या पोटात पाणी असायला हवं होतं. तिथे होस्टेल होतं.

"सर, इथं आधी काय होतं?"

"पडीत होती जी जागा. खाली कडक मुरूम आहे."

कडक मुरूम. हे दोन शब्द मी आधी वाचलेले होते. वाचलेले काय, मीच टाइप केलेले होते.

आठ वर्षांपूर्वी हे होस्टेल नवीन होतं तेव्हा त्याचा पहिला रिपोर्ट मीच केला होता. मार्चएंड होता, टेबलावर फायलींचा ढीग होता, इथपर्यंत यायला गाडी मिळाली नाही. मी सेलोकर सरांना फोन केला, फोटो मागवले आणि बसल्या जागी फॉर्म भरला. जमीन: कडक मुरूम. भराव: नाही. इमारत पाहिली: हो. खाली माझी सही. झोन सगळ्यात कमी धोक्याचा, काय फरक पडतो, असं मनात म्हटल्याचंही आठवतं.

दुपारी जेवायला बसवलं. वाढायला शेवंताबाई होत्या, होस्टेलच्या स्वयंपाकीण. साठीच्या पुढच्या, काटक, गावच्याच. भात वाढता वाढता मी त्यांना विचारलं, "शेवंताबाई, ती वाट अशी वळून काहून येते?"

"पार होय ना थे," त्या म्हणाल्या. "अठी बोडी होती."

बोडी म्हणजे लहान तलाव. सेलोकर सरांचा घास हातात राहिला.

"मी अठी शिंगाडे काढले, मॅडम. माह्या लगनाच्या आधी. या खांबापासून तं तठी पावतर कमरेइतकं पानी राहे." त्यांनी पळीने दाखवलं. पळी जिथवर गेली तिथवर निम्मी इमारत येत होती.

"मग ती बुजवली कधी?"

"सरायनंच बुजवली. मिलची राख टाकली. टिप्परच्या टिप्पर राख आली."

आमच्या भागात राइस मिल भरपूर. मिलमध्ये धानाचा कोंडा जाळतात, त्याची राख उरते, आणि ती कुठे टाकायची हा मिलवाल्यांपुढे रोजचा प्रश्न. खड्डा दाखवा, राख फुकट घेऊन जा. अंगण भरायचं असो, जोतं भरायचं असो, सगळे हेच करतात. माझ्या भावाच्या घराचं अंगणही राखेवर आहे. पाणी मारलं, वरून रोलर फिरवला की राख दगड होते, असं गवंडीही सांगतात आणि हेडमास्तरही मानतात. राखेचा दगड होत नाही. ती नुसती दबते, आणि ओली झाली की आणखी दबते, एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी.

"हे मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"कोनी इचारलंच नाई," शेवंताबाई म्हणाल्या आणि वरण आणायला गेल्या.

जेवण झाल्यावर मी सब्बल, म्हणजे पहार, मागितली. सेलोकर सर म्हणाले, कशाला उन्हात. मी म्हटलं, दोन फूट. शेवंताबाईंनीच पदर खोचला आणि मागच्या बाजूच्या खांबाजवळ खणायला घेतलं. वीतभर मुरूम निघाला, टणक, तांबडा. त्याखाली सब्बल एकदम आत गेली, त्यांचा तोलच गेला. मी हात घालून मूठभर काढलं. काळी, ओलसर, हलकी राख. बोटांत दाबली की पाणी सुटत होतं.

वॉर्डन रामटेके बाई शेजारी उभ्या होत्या. पस्तिशीच्या, शांत बाई. होस्टेलमध्येच राहायच्या. त्यांनी माझ्या हातातल्या राखेकडे बघितलं आणि मग वर, मुलींच्या खोल्यांकडे.

"मॅडम, खरं सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "मी या पोरीयले इथं झोपवू का?"

मी काय म्हणाले ते सांगायला लाज वाटते. मी म्हणाले, "मला आधी प्रीमियम काढू द्या."

भूकंपाचा प्रीमियम कसा निघतो ते थोडक्यात सांगते. तीन प्रश्न असतात. पहिला, या जागी किती जोराचा हादरा दरसाल किती शक्य आहे. दुसरा, तसा हादरा आला तर या इमारतीचा किती भाग जाईल. तिसरा, इमारत बांधायला किती खर्च येतो. तिन्हींचा गुणाकार केला की त्या इमारतीचा निव्वळ प्रीमियम निघतो.

पहिल्या प्रश्नात लोक हमखास फसतात. आमच्या गावचा तलाव समजा दहा वर्षांतून एकदा सांडव्यावरून वाहतो. म्हणजे यंदा वाहिला की पुढची नऊ वर्षं सुट्टी, असं गावात कुणीच समजत नाही. दरसाल दहात एक, इतकाच त्याचा अर्थ. लागोपाठ दोन वर्षंही वाहू शकतो. तलावाचं हे सगळ्यांना कळतं. पण भूकंप म्हटला की शिकलेली माणसंही 'पाचशे वर्षांतून एकदा' ऐकून पुढची चारशे नव्याण्णव वर्षं मोकळी समजतात.

आता आकडे धरू. हे खरे नाहीत, समजण्यापुरते आहेत. जोराचा हादरा दरसाल पाचशेत एक धरला. चांगल्या जमिनीवरची चांगली इमारत असेल तर शंभर रुपयांच्या बांधकामात पाच रुपयांचं नुकसान धरलं. पाचला पाचशेने भागलं की शंभर रुपयांमागे वर्षाला एक पैसा. पण भरावाच्या जमिनीत हादरा वाढतो. त्यात खाली नुसते खांब आणि वर भिंतींचं ओझं, म्हणजे धानाच्या बांधीतल्या, शेतातल्या, मचाणासारखी गत. आधी खांब जातात, मग वरचा मजला आख्खा खाली बसतो. तिथे शंभरात चाळीसचं नुकसान धरलं. चाळीसला पाचशेने भागलं, आठ पैसे. त्यावर कंपनीचा खर्च. त्यावर लोडिंग, म्हणजे जास्तीची भर, कारण आग एका घराला लागते आणि भूकंप एकाच दिवशी सगळ्या तालुक्याचे क्लेम घेऊन येतो.

मी तीन दिवस हे करत बसले. सगळं जोडून, चोपून, जितकं वाढवता येईल तितकं वाढवून आकडा काढला. जुन्या दराच्या आठपटीच्याही वर गेला. मला वाटलं होतं, हा आकडा बघून सेलोकर सर घाबरतील. मग मजला थांबेल, खांबांचं काही करतील, आणि मला काही बोलावं लागणार नाही. तीस वर्षं आकड्यांच्या मागे लपायची सवय झाली होती.

आकडा नागपूरला कळवला तर आमचे मॅनेजर पाध्ये साहेब, त्यांचा फोन आला. पुण्याहून बदलून आलेले, माणूस सज्जन, पण कायम घाईत.

"भेंडारकर मॅडम, एवढ्या कमी धोक्याच्या झोनमध्ये आठपट दर? सिस्टीम घेणार नाही हा."

"भरावाची जमीन आहे, साहेब."

"भराव टिक केलं की फाइल हेड ऑफिसला जाते. महिनाभर तिथेच बसते."

"म्हणूनच कुणी टिक करत नाही, साहेब."

"जुना रिपोर्ट माझ्यासमोर आहे. त्यात तर कडक मुरूम लिहिलंय. सही कुणाची आहे ही?"

"माझी."

"तुम्ही पाहिलं होतं ना तेव्हा?"

"नाही."

पलीकडे कुणीतरी त्यांना चहा आणून दिल्याचा आवाज आला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "किती महिने राहिले तुमचे? जास्तीत जास्त लोडिंग लावा, त्यांची हरकत नसेल तर कव्हर द्या, मोकळ्या व्हा. नियमात बसतं ते."

बसत होतं. हीच तर अडचण होती.

पुढच्या आठवड्यात मी परत होस्टेलला गेले. खांबांमधल्या जेवणाच्या टेबलावर सेलोकर सर बसले, रामटेके बाई पाण्याचे ग्लास घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी गुणाकाराचा कागद पुढे केला. सरांनी चष्मा लावला, आकडा वाचला, परत वाचला.

"वर्षाचा?"

"वर्षाचा."

"एवढंच? याच्याहून जास्त त आमचे महिन्याचे गॅस सिलिंडर होतात." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "भरतो जी. कुठं सही करू?"

मी त्या पेनाकडे बघत राहिले. एक पैसा आठ पटीने वाढवला तरी पैसेच होतात. हादऱ्याची शक्यता एवढी कमी की कशानेही गुणा, आकडा काही भीतीदायक होत नाही. त्यांच्या लेखी मात्र प्रीमियम भरला की इमारत पक्की झाली. माझा सगळा गुणाकार त्यांच्या हातात मजला चढवायचा परवाना म्हणून पडत होता.

"सर, मी हे कव्हर देत नाही," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भाव वाढवला, मी हो म्हटलं, तरी देत नाई म्हणता? मंग गुणाकार कायले केला?"

"चुकलं माझं. तुम्ही घाबराल असं वाटलं होतं."

"घाबरू काहून? भूकंप येनार नाई हे तुमचाच कागद सांगून राहिला."

"बहुतेक येणारच नाही. पण दार लागत नाही ना, सर." मी पॉलिसीचं पान उघडलं आणि एक ओळ त्यांना मराठीत सांगितली. भरावाची जमीन दबून इमारतीचं काही झालं तर विमा त्याला जबाबदार नाही. ही ओळ आधीपासून असते. विकताना आम्ही ती वाचून दाखवत नाही, इतकंच. "इमारत दबते आहे. हे चालू आहे, आत्ता, रोज. पण ते पॉलिसीत नाही. पॉलिसीत भूकंप आहे, तो बहुतेक येणार नाही. आणि त्या दबणाऱ्या खांबांवर तुम्ही अजून एक मजला ठेवायला निघालात."

सर म्हणाले, "वीस पोरी आहेत, मॅडम. मी त्यांच्या बापायले शब्द देला आहे. जूनले जागा नाई भेटली त बसल्या घरी. मंग पुढच्या साली त्यांचं लगन होते. तुमाले माहीत नाई काय? तुमी बी इकडच्याच आहा."

मला माहीत होतं. आसगावला माझ्या वर्गात सहा मुली होत्या. मॅट्रिकला मी एकटी उरले.

"आणि आठ वर्षं याच इमारतीले तुमीच विमा देला," ते म्हणाले. "तवा मुरूम होता, आता राख झाली?"

"तेव्हा मी आलेच नव्हते, सर. न बघता सही केली. खोटा रिपोर्ट होता तो."

हे वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलं होतं. बोलताना ते फारच छोटं निघालं. हेडमास्तर कॉपी करणाऱ्या मुलीकडे बघतात तसं सरांनी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात रामटेके बाई बोलल्या. मागचाच प्रश्न, त्याच आवाजात.

"मॅडम, मी तुमाले त्या दिवशी इचारलं होतं. पोरीयले इथं झोपवू का?"

आता माझ्याजवळ काढायला प्रीमियम उरला नव्हता.

"नका झोपवू," मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली, ग्लास ट्रेमध्ये गोळा केले, आत नेऊन ठेवले आणि वर गेल्या. पाच मिनिटांत जिन्यावरून गाद्या उतरायला लागल्या. मुलींना काय सांगितलं कोण जाणे, कुणी गडबड केली नाही. डोक्यावर गादी, हातात पत्र्याची पेटी, अशी रांग त्या पारीवरून संस्थेच्या शाळेकडे निघाली. शाळा अर्धा किलोमीटरवर, जुनी, बैठी, कौलारू.

सेलोकर सर उठून उभे राहिले. "रामटेके बाई, हे कोनाले इचारून करून राहिल्या? तुमची पोस्ट परमनंट नाई, ध्यानात आहे ना?"

"आहे ना सर ध्यानात," बाई म्हणाल्या आणि पुढची गादी उचलली.

मी गाडीत बसले. घरी, भंडाऱ्याजवळ शहापूरला आले. टिप्पर गेला की खिडक्या वाजणाऱ्या आमच्या हायवेवरच्या घरात त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्या आवाजाने दचकले.

पुढचं थोडक्यात. सेलोकर सर दोन आठवडे रुसले. पण बेचाळीस मुली वर्गात झोपतात आणि सकाळी बाकं परत लावतात, ही गोष्ट गावात लपत नाही. पालक यायला लागले. शेवटी सरांनीच एका इंजिनियरिंग कॉलेजातले प्राध्यापक बोलावले. त्यांनी चार ठिकाणी खड्डे घेतले. गेटकडच्या खांबांखाली खरोखरच कडक मुरूम निघाला. मागच्या खांबांखाली राख. निम्मी इमारत मुरमावर, निम्मी बोडीत. म्हणजे सरांनी बोडी सांगितली नाही, तरी मुरमाचं ते पूर्ण खोटं बोलत नव्हते, त्यांनी गेटपाशी खणून बघितलं होतं. पूर्ण खोटं लिहिणारी मी एकटीच निघाले.

मागचे पाये खणून, राख काढून, रुंद केले. खालच्या खांबांपैकी काहींच्या मध्ये भिंती घातल्या, म्हणजे वरचा मजला नुसत्या खांबांवर राहिला नाही. सायकली बाहेर गेल्या. वर मजला चढला नाही. वाटेपलीकडे, खणून बघितलेल्या मुरमावर, दोन बैठ्या खोल्या बांधल्या. मुली दिवाळीनंतर होस्टेलला परतल्या. नव्या खोल्या तयार व्हायला मात्र दुसरा पावसाळा उलटला.

वीस अर्जांपैकी आठ मुली आल्या. बाकीच्या बारा जणींचं काय झालं, असं मी एकदा फोनवर विचारलं.

सेलोकर सर म्हणाले, "तुमच्या गुणाकारात नाई बसत ते."

खरंच बसत नाही. इमारत पडली तर किती मुली, हे मी मनातल्या मनात अनेकदा धरलं होतं. इमारत वाढली नाही तर किती मुली, हे एकदाही धरलं नव्हतं. आजही मी तेच उत्तर दिलं असतं. पण आपण कुणाला तरी वाचवलं, असं मी कधी म्हणत नाही. तिकडे त्यानंतर भूकंप आलेला नाही. बहुतेक येणारही नाही. मी बरोबर होते की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही, आणि आमच्या धंद्यात ते असंच असतं.

ऑफिसात मी जुन्या रिपोर्टबद्दल लेखी कबुली दिली. मला वाटलं होतं, चौकशी होईल, निदान कुणीतरी ओरडेल. पाध्ये साहेबांनी पत्र फाइलला लावलं. ज्या पॉलिसीवर क्लेम आला नाही तिच्या चुकीत कुणालाच रस नसतो. सोळा महिने संपले, नारळ आणि शाल मिळाली, मी घरी आले.

गेल्या वर्षी एका एजंटचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ओळखीचा आहे, गप्पा मारायला अधूनमधून लिहितो. "मॅडम, तुमचं कोंढ्याकडचं होस्टेल आता दुसऱ्या कंपनीत केलं. एका दिवसात काम झालं." सोबत पीडीएफ होती. मी चष्मा लावून वाचली. जमीन: कडक मुरूम. भराव: नाही. इमारत पाहिली: आधीच्या रिपोर्टप्रमाणे. आणि मागे आधीचा रिपोर्ट जोडलेला. दहा वर्षांपूर्वीचा. खाली माझी सही.

मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं.

"पण मॅडम, सही तर तुमचीच आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगते आहे, बाबा."

"बदलतो जी," तो म्हणाला. मी त्या कंपनीलाही पत्र लिहिलं. पत्र पोचल्याचा आपोआप येणारा मेल आला. पुढे काही नाही. माझा खरा रिपोर्ट, तीन दिवस खपून केलेला, कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये असेल. खोटा मात्र कामावर आहे.

रामटेके बाई अजून होस्टेलवरच आहेत. पोस्ट अजून परमनंट नाही. त्यांनी त्या दाराला परत रंधा मारू दिला नाही. पाये रुंद झाल्यावर नवीन दार बसवलं, आणि दार आणि चौकटीमधली फट जिथे संपते तिथे चौकटीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली. शेजारी तारीख. दर महिन्याच्या एक तारखेला त्या दार लावतात, फोटो काढतात आणि मला पाठवतात. सोबत काही लिहीत नाहीत. मी फोटो मोठा करून बघते आणि "ठीक" असं उत्तर पाठवते. नोकरीत केलं नाही इतकं मन लावून मी हे इन्स्पेक्शन करते.

या महिन्याचा फोटो परवा आला. फट रेघेवरून हललेली नाही. माझा खोटा रिपोर्टही जागचा हललेला नाही.